डिकीवरची थाप

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही थोडं पुढे सरका. जागा आहे, आणि नसली तर एकमेकांना सांभाळून घेतलं की होते. आज एका मोटारीची गोष्ट सांगतो. ती मोटार अडवणाऱ्या पोलिसाची, आणि त्या मोटारीतून पळून गेलेल्या एका बाईची, जी मुळात पळालीच नव्हती. हसू आलं तर खुशाल हसा. शेवटी मात्र एक मागणं आहे. ते अगदी लहान आहे, पण आत्ताच सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

तर मोटारीच्या ब्रेकचा दिवा लागतो की नाही हे बघायला माणसं दोन लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून "लागला" म्हणायचं. देवाने माणसाला डोळे पुढे दिले, मोटार बनवणाऱ्याने ब्रेकचे दिवे मागे दिले, आणि या दोघांनी एकमेकांशी बोलून घेतलं नाही. ज्याच्या घरात दुसरं माणूस आहे त्याला यात काही अडचण वाटत नाही. आमच्या वजनकाकांच्या घरात दुसरं माणूस उरलं नव्हतं.

वजनकाका हे काही त्यांच्या वजनामुळे वजनकाका नव्हते. अंगाने ते इतके किरकोळ, की वारा सुटला तर खिशात वजनं ठेवूनच बाहेर पडावं. पण उभी नोकरी वजनमापे खात्यात तपासनीस म्हणून झालेली. दुकानात शिरायचं, तराजू बघायचा, वजनं पारखायची, शिक्का मारायचा. हा माणूस कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही, आणि बोलण्यात कधी गुंजभर खोटं आलं नाही. त्यामुळे दुकानदार त्यांना घाबरत आणि नातेवाईक त्यांना टाळत.

काकू होत्या तोवर सगळं आपापल्या जागी होतं. घराचं फाटक अरुंद. मोटार त्यातून काढायची म्हणजे सुईत दोरा ओवणं. काकू मागे उभ्या राहायच्या. पिशव्या डिकीत टाकायच्या, "दाबा ब्रेक" म्हणायच्या, "हं, लागला" म्हणायच्या, डिकी लावायच्या, आणि मग तळहाताने डिकीवर एक थाप मारायच्या. थप्. त्या थापेचा अर्थ, सगळं जागेवर आहे, निघा. काका मोटार फाटकातून बाहेर काढायचे, गल्लीच्या वळणापर्यंत न्यायचे, तिथे थांबून हात लांब करून पलीकडचं दार उघडायचे. तेवढ्यात काकू फाटक ओढून घेऊन, छोटी छोटी पावलं टाकत यायच्या, बसायच्या आणि म्हणायच्या, "फाटक लावलं. चला."

उभा संसार हेच. इतकी वर्षं एखादी गोष्ट केली की ती डोक्यात राहत नाही, हातापायांत जाऊन बसते. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग काकू गेल्या. काका स्वतःच फाटक उघडायचे, मोटार काढायचे, उतरून फाटक लावायचे, परत चढायचे. डिकी त्यांनी त्यानंतर उघडलीच नाही. एकट्या माणसाच्या पिशव्या त्या काय, मागच्या सीटवर मावतात. काकूंची सीट मात्र होती तिथेच होती, अगदी पुढे ओढलेली. काकू ठेंगण्या होत्या, पाय टेकायला हवेत म्हणून. सीटवर त्यांची शाल, दाराच्या खणात छोटी छत्री आणि चष्मा. रोज संध्याकाळी काका काही काम नसताना मोटारीतून एक चक्कर मारून येत. घरात ते एकटे असत. मोटारीत ते तितकेसे एकटे नसत.

एकदा ती मोटार फाटकाच्या खांबाला घासली, कारण मागे कुणी उभं नव्हतं. परगावच्या लेकीला हे कळलं आणि तिने फोनवर सांगितलं, "बाबा, ही शेवटची वेळ. पुन्हा काही झालं, तर मोटार विकून टाकायची. मला तिकडे बसून धास्ती घ्यायला जमणार नाही." काका म्हणाले, "बरं." तेही खरंच बोलले. ते नेहमी खरंच बोलत.

अशात एका संध्याकाळी समोरच्या घरातले विमावाले स्कूटरवरून मागे मागे आले आणि फाटकापाशी म्हणाले, "काका, तुमचा ब्रेकचा दिवा बंद आहे. मागून कुणी ठोकलं, तर कंपनी एक छदाम देणार नाही. मी तुम्हाला घाबरवत नाही, फक्त सांगतो." विमा विकणारी माणसं कधीच घाबरवत नाहीत, ती फक्त सांगतात.

आता बघायचं कसं? काकांनी ब्रेकवर वीट ठेवून मागे जाऊन बघितलं. तिथवर जाईपर्यंत वीट सरकली. मग पेडलला काठी टेकवली, तिचं दुसरं टोक सीटला. काठी निसटली आणि हॉर्नवर पडली, आणि काका मागे वाकलेले असताना हॉर्न जो सुरू झाला तो गल्लीभर. मग त्यांनी घरातला आरसा आणून भिंतीला टेकवला, मोटार उलटी त्याच्यासमोर उभी केली, आणि मान वळवून आरशात बघत ब्रेक दाबला. आरशात त्यांना त्यांचाच चेहरा दिसला, लांबून, अगदी लहान. दिवा काही दिसला नाही. बराच वेळ ते तसेच बघत बसले.

शेजारच्या मावशी कुंपणावरून म्हणाल्या, "काय हो, मोटारीला आरसा दाखवताय?"

"दिवा बघतोय."

"मग मला हाक मारायची. मी काय करत होते, भाजीच निवडत होते."

खरंच हाक मारायची होती. पण हाक मारायची सवय सुटली की ती घशात अडते. काकांनी आरसा उचलला आणि दुसऱ्या दिवशी विमावाल्यांनी सांगितलेल्या मिस्त्रीकडे मोटार नेली.

मिस्त्रीने सांगितलं, दिवा बदलायला डिकी उघडावी लागेल. काका म्हणाले, "उघडल्याशिवाय नाही होणार?" मिस्त्री म्हणाला, "दात काढायला तोंड उघडावं लागतंच ना काका." डिकी उघडली. बरेच महिने बंद राहिलेलं कुलूप उघडताना मोडलं. दिवा लागला, पण डिकी लागेना. डिकी लागावी म्हणून आतली तार सरकवली, तर दिवा गेला. शेवटी मिस्त्रीने डिकी सुतळीने बांधली, दिवा तात्पुरता चिकटवला आणि म्हणाला, "आज असं न्या, उद्या कुलूप मागवतो. हळू ब्रेक मारा म्हणजे दिवा हलणार नाही." ब्रेकचा दिवा ब्रेक न मारता जपायचा, असं ते तंत्र होतं.

काका निघाले. पहिल्याच खड्ड्यात डिकी उघडझाप करू लागली आणि दिवा तारेला लोंबकळू लागला. मोटार मागून अशी दिसत होती, जणू कुणाला तरी खुणा करून बोलावते आहे. आणि खरोखरच मागून पोलिसांची गाडी आली, तिने एकदा भोंगा वाजवला, आणि काकांनी मुकाट मोटार कडेला घेतली.

या गाडीतला शिपाई प्रशिक्षणातून ताजा ताजा बाहेर पडला होता. जुने शिपाई हात दाखवतात, काचेवर टकटक करतात आणि मोकळे होतात. याने मात्र शिकवलेलं सगळं शिकवल्यासारखं केलं. आपली गाडी मागे, थोडी तिरकी, रस्त्याकडे अंमळ सरकवून लावली. मोटारीचा नंबर बिनतारीवर कळवला. उतरला. सावकाश चालत आला. काका आरशात नुसतं बघत होते. हात थरथरत होते. एकेकाळी हे दुकानात शिरले की समोरच्याचे हात असे थरथरायचे. आज पारडं फिरलं होतं.

शिपाई मोटारीच्या मागे पोचला. आणि त्याने तळहात डिकीवर ठेवून ती खाली दाबली.

थप्.

काकांच्या डोक्याने काही विचार केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण डोक्याला कुणी विचारलंच नाही. पायाने क्लच दाबला, हाताने गिअर टाकला, आणि मोटार निघाली. शिपाई हात हवेत धरून तिथेच. मोटार रस्त्याच्या वळणापर्यंत नीट, हळू, शिस्तीत गेली. तिथे थांबली. मग काकांनी हात लांब करून पलीकडचं दार उघडलं, आणि समोर बघत बसले.

कुणी आलं नाही.

आला तो शिपाई, धावत, टोपी सावरत. "हात स्टिअरिंगवर ठेवा. दोन्ही. दिसतील असे."

काकांनी ठेवले. तेव्हा कुठे त्यांना आपण काय केलं ते उमगलं.

"कोण उतरून पळालं?"

"कुणी नाही."

"मग दार कसं उघडं?"

आता बघा, आयुष्यभर ज्या माणसाने गुंजभर खोटं तोललं नाही, त्याच्यावर काय वेळ आली. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मला वाटलं माझी बायको येतेय? भर रस्त्यात, खाकी कपड्यातल्या परक्या पोराला? काका म्हणाले, "हवा यावी म्हणून." पहिलंच खोटं, त्यामुळे ते फार कच्चं निघालं.

शिपायाने आत डोकावून पाहिलं. सीट पुढे ओढलेली. शाल. छत्री. "ठेंगणी बाई आहे," तो म्हणाला, काकांना नव्हे, स्वतःला. "हा चष्मा कुणाचा?"

"माझा."

"घालून दाखवा."

काकांनी तो चष्मा घातला. सोनेरी काड्यांचा, कोपऱ्यात वर वळलेला, नाजूक. तो नाकावर असा बसला, जसं वाळक्या काठीवर फुलपाखरू.

"आता मी कुठे उभा आहे सांगा."

काकांनी अंदाजाने विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं.

शिपायाने सुस्कारा सोडला. "काका, तुम्ही चांगल्या घरचे दिसता. कुणाला वाचवताय?"

काकांनी चष्मा काढला, काच शालीने पुसली आणि खणात जिथे होता तिथे ठेवला.

मोटार पोलिसांच्या आवारात जमा झाली. परवाना मॅडमच्या टेबलावर. वाहतूक चौकीच्या या मॅडम म्हणजे केसांना कडक अंबाडा, आवाजाला कडक इस्त्री. अहवालात लिहिलं गेलं की एक अनोळखी स्त्री वाहनातून उतरून पसार झाली. मॅडम म्हणाल्या, "जबाब द्या. बाई कोण ते सांगा. नाही सांगितलं तर परवाना गेला, आणि मोटार इथेच राहील. काही म्हणायचंय?"

"एक विनंती आहे."

"बोला."

"पलीकडची सीट मागे सरकवू नका."

मॅडमने शिपायाकडे पाहिलं. शिपायाने भुवया उंचावल्या. संशयाला आणखी काय लागतं?

बातमी काकांच्या आधी घरी पोचली. मावशी कुंपणावरून न बोलता थेट फाटकातून आत आल्या. "भाऊ, मला काही म्हणायचं नाही. एकटं राहणं सोपं नसतं, हे मला समजतं. पण ती पळाली कशाला? आपल्यात लपवण्यासारखं काय आहे?" पाठोपाठ विमावाले आले. "नाव सांगून टाका, काका. नाहीतर लग्न करून टाका. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण मध्ये लोंबकळू नका. आणि नंतर वारस बदलायचा असेल तर मी आहेच. मी घाई करत नाही, फक्त सांगतो."

त्यानंतर गल्लीतलं एकेक माणूस येऊ लागलं. कुणी चौकशीला, कुणी उपदेशाला, कुणी नुसतंच घरात दोन उशा दिसतात का ते बघायला. खुर्च्या पुरेनात. काकू गेल्या तेव्हा सांत्वनाला माणसं आली होती, त्यानंतर या घरात चहाचे इतके कप एकदम निघाले नव्हते. काका चहा करत, सगळं ऐकून घेत. "अहो, तसं काही नाही," असं म्हणत, पण फार ठामपणे म्हणत नसत. त्यांना दोष देऊ नका. जी बाई नव्हतीच, तिने येऊन घर भरलं होतं. माणसं गेल्यावर ते कप एक एक विसळायचे, आणि विसळायला एरवीपेक्षा वेळ लावायचे.

दिवसा मात्र ते चौकीच्या आवारात जाऊन मोटार बघून येत. सीट सरकवली नाही ना, एवढंच. तिथे तो शिपाई भेटे. काका त्याच्यावर चिडलेले नव्हते. दोघांत धंद्याचं बोलणं चाले.

"एक विचारू?" काका म्हणाले. "तुम्ही गाडी तिरकी का लावली?"

"मागून कुणी आलं तर आधी आमच्या गाडीला धडकेल. आम्हाला नाही, तुम्हालाही नाही."

"आणि माझ्या खांद्याच्या मागे का उभं राहता?"

"समोर उभा राहिलो तर तुमच्या हातात काय आहे ते उशिरा दिसतं. मागे राहिलो की तुम्हाला मान वळवावी लागते. मान वळवणारा माणूस घाई करू शकत नाही."

"आणि 'कुठून आलात, कुठे निघालात' हे?"

"उत्तर महत्त्वाचं नसतं, काका. आवाज कसा येतो ते बघायचं. प्यायलाय का, घाबरलाय का."

काकांनी मान डोलावली. "मीपण दुकानात शिरलो की 'धंदा काय म्हणतो' विचारायचो. उत्तराकडे लक्ष नसायचं. पारड्याखाली काही चिकटवलंय का ते बघत असायचो." मग म्हणाले, "आणि डिकीवर हात?"

"डिकी नीट लागली आहे की नाही कळतं. आत कुणी लपलं असेल तर उघडायला वेळ लागतो. शिवाय हाताचा ठसा राहतो. उद्या आमचं काही बरंवाईट झालं, तर कळतं की आम्ही या गाडीपाशी होतो."

"म्हणजे इथे माणूस होतं, याची खूण."

"तसंच म्हणा."

काका डिकीपाशी गेले. धूळ बसली होती. तिच्याखाली आणखी कुणाचे ठसे असतील, कोण जाणे. त्यांनी धूळ पुसली नाही.

आणि मग लेक आली. मावशींनी फोन केला होता, आपुलकीपोटीच. लेक पिशवी न ठेवता दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, खरं आहे?"

"काय?"

"आईला जाऊन वर्षही झालं नाही." तिने पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला कुणी सोबत हवी असेल तर मी नाही म्हणणार नाही. पण आईच्या सीटवर?"

काकांना वाटलं सांगावं. ओठ उघडले, आणि त्यांना दिसलं की हे सांगितलं तर लेक काय म्हणेल. म्हणेल, बाबांना भास होतात. मग मोटार जाईल ती जाईलच, पाठोपाठ हे घर जाईल, आणि आपण परगावच्या एका खोलीत खिडकीपाशी बसलेले असू. ते म्हणाले, "चल, चौकीत बोलावलंय."

मॅडम आवारात उभ्याच होत्या. "जबाब देत नाही म्हणता, तर आपण करून बघू. हा शिपाई त्या दिवशी जे जे केलं ते ते करेल. तुम्ही जे केलंत ते करा. बाई कुठल्या क्षणी उतरली हे मला बघायचंय." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही इथे, माझ्याजवळ."

काका मोटारीत बसले. इंजिन सुरू. हात स्टिअरिंगवर. मनाशी ठाम ठरवलं की आज हलायचं नाही. देवाचं नाव घेतलं. आरशात शिपाई दिसला, सावकाश चालत येणारा. आज हलायचं नाही. पाय जमिनीला घट्ट. आज हलायचं नाही.

थप्.

मोटार निघाली.

आवारात एकच पळापळ. चहावाला किटली घेऊन भिंतीला चिकटला, एक हवालदार खुर्चीसकट बाजूला झाला. मोटार मात्र कुणाच्या अंगावर गेली नाही. हळू, शिस्तीत, आवाराच्या वळणापर्यंत गेली आणि थांबली. सगळ्यांनी पाहिलं, काकांनी हात लांब केला. पलीकडचं दार उघडलं. आणि ते समोर बघत बसले. कुणी उतरलं नाही. उतरायला कुणी नव्हतंच. ते दार उतरणाऱ्यासाठी उघडलेलं नव्हतं, ते बसणाऱ्यासाठी होतं.

शिपाई धावायला निघाला होता. मॅडमने त्याचा दंड धरला.

लेक उभी होती. लहानपणी मागच्या सीटवर बसून रोज सकाळी तिने ही थाप ऐकली होती, अगदी पाठीमागे, दप्तराच्या पलीकडे. तिच्या डोळ्यांसमोर फाटक आलं, आणि छोटी छोटी पावलं. ती आवार ओलांडून गेली. मोटारीत बसली. सीट इतकी पुढे की गुडघे वर येऊन समोर टेकले. सीट मागे घ्यायचा दांडा हाताशीच होता, पण तिने त्याला हात लावला नाही. दार ओढून घेतलं.

"फाटक लावलं, बाबा," ती म्हणाली.

काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग गिअर काढला. इंजिन बंद केलं. "बरं," म्हणाले. आणि दोघं तशीच बसून राहिली.

लेकीने मॅडमना आईच्या थापेचं सगळं सांगितलं, पण सरकारी अडचण उरली ती वेगळीच. शिपाई मॅडमना म्हणाला, "अहवालात पसार झालेली बाई आहे. ती सापडल्याशिवाय कागद बंद होत नाही." मॅडमने पेन उचललं. मग खाली लिहिलं, 'सदर व्यक्ती यापुढे सापडण्याची शक्यता नाही. शोध थांबवण्यात येत आहे.' लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद घाईघाईने उलटा ठेवला आणि चहा मागवला. कडक इस्त्रीच्या आवाजाला तेवढ्यात कुठेतरी एक घडी पडली होती.

पण परवाना त्यांनी लगेच दिला नाही, आणि ते बरोबरच केलं. "काका, रस्त्यावर दुसऱ्या कुणी तुम्हाला अडवलं, थाप मारली, आणि तुम्ही निघालात तर तो पाठलाग करेल. त्यात कुणीतरी मरेल. थाप पडल्यावर तुम्ही जागेवर बसून दाखवा. मग परवाना घेऊन जा."

आवारात पुन्हा मोटार उभी राहिली. लेक मुद्दाम बाहेर उभी राहिली. हे तिने करून चालणार नव्हतं. शिपायाने थाप मारली, मोटार हातभर पुढे सरकली. परत. इंजिन बंद पडलं. परत. काका घामाने भिजले. तुम्हाला वाटेल, नुसतं बसून राहणं, त्यात काय कठीण? थाप ऐकायची, ती तिची नाही हे स्वतःला सांगायचं, आणि तरी थांबायचं, हे करून बघा एकदा.

थप्.

काकांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले. मोटार हलली नाही. शिपाई चालत आला, खांद्याच्या थोडा मागे उभा राहिला, शिकवल्याप्रमाणे. "कुठे निघालात?"

काकांनी मान वळवली. "कुठेच नाही," ते म्हणाले. "घरी."

आवाज बरोबर होता. शिपायाने परवाना हातात दिला.

लेक दोन दिवस राहिली आणि परगावी गेली, तिचं तिकडे घर आहे, नोकरी आहे. मोटारीचा विषय तिने काढला नाही. पळून गेलेली बाई मुळात नव्हतीच म्हटल्यावर गल्लीतली माणसंही यायची थांबली. मावशी तेवढ्या कुंपणावरून बोलतात. विमावाल्यांनी नवीन पॉलिसी मात्र गळ्यात मारलीच. डिकीला नवं कुलूप बसलं. काका अजून रोज संध्याकाळी एक चक्कर मारतात, आणि मोठ्या रस्त्यावर तो शिपाई ड्यूटीवर असला की हात दाखवून त्यांना कडेला घेतो. बघणाऱ्यांना वाटतं, म्हातारा रोज काही ना काही चुकतो. शिपाई मागे जाऊन उभा राहतो आणि, लेकीने जाताना शिकवल्याप्रमाणे, म्हणतो, "दाबा ब्रेक." काका दाबतात. "हं, लागला." मग तो डिकीवर थाप मारतो. काका जागचे हलत नाहीत. शिपाई खिडकीशी येतो, "जा सावकाश," म्हणतो, तेव्हाच निघतात. रस्त्याच्या वळणापाशी मोटार जराशी मंदावते. दार उघडत नाही. नुसती मंदावते, आणि पुढे जाते.

माझं मागणं एवढंच होतं. उद्या घरातून निघताना तुमच्या मोटारीची डिकी लावून कुणी थाप मारली, तर लगेच निघू नका. ते माणूस येऊन बसेपर्यंत थांबा, त्याने दार ओढून घेतल्याचा आवाज ऐका. आणि तेवढ्या वेळात आमच्या काकूंची एकदा आठवण काढा. ठेंगण्या होत्या, छोटी छोटी पावलं टाकत यायच्या, फाटक न लावता कधी निघाल्या नाहीत.